उतरल्यानंतरचा रस्ता

सोलापूरची सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी लवकर बोरीबंदरला लागते. जनरलच्या डब्यातून उतरणाऱ्या काही माणसांची ओळख लगेच पटते. खांद्याला कापडी पिशवी आणि छातीशी धरलेली प्लास्टिकची फाइल, तिला रबर लावलेलं, कधी दोन रबरं. ही माणसं पिशवी एक वेळ दुसऱ्याच्या हाती देतील, फाइल देणार नाहीत. त्यांना मंत्रालयात जायचं असतं. देवगिरीनं मराठवाड्यातून येणारी, महालक्ष्मीनं कोल्हापूरकडून येणारी, विदर्भ एक्सप्रेसनं सगळं राज्य आडवं कापून येणारीही अशीच. फलाटावर पाय टेकले की ती थोडा वेळ तिथंच उभी राहतात, गर्दी कुठल्या बाजूला वाहते आहे ते बघतात आणि मग शेजारून जाणाऱ्या कुणालातरी विचारतात, ‘दादा, मंत्रालयाला बस कुठनं मिळंल?’

मी अकरा वर्षांचा असताना याच फलाटावर वडिलांचं, आबांचं, बोट धरून उतरलो होतो. जमिनीच्या कुठल्याशा कागदाचं काम होतं. आबांनी तिघांना विचारलं आणि तिघांनी तीन दिशांना हात केले. शेवटी आम्ही चालत निघालो. आबांची चप्पल नवी होती, तिनं टाच सोलवटली. मला मात्र रस्त्यावरची लाल दुमजली बस, तिच्या वरच्या मजल्यावरची पुढची खिडकी आणि तिथं बसलेली पोरं एवढंच दिसत होतं. पाऊण तासानं आम्ही पोहोचलो. दिवसभरात आबा त्यांच्या कामाबद्दल काही बोलले नाहीत. परतीच्या गाडीत मात्र म्हणाले, ‘एवढी मोठी इमारत बांधली, पण उतरल्यावर कुठं जायचं ते कुणी लिहून ठेवलं नाही.’

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. बोरीबंदरवर, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते बहुतेक मान वर करून लिहिलंय: घुमट, गवाक्षं, दगडात कोरलेली माकडं, मोर, पानं. मी गेले काही महिने सुट्टीच्या आणि कामाच्या दिवशी, पहाटे आणि रात्री या स्टेशनात जाऊन उभा राहिलो ते मान खाली घालून, लोकांची पावलं बघायला. गाडी फलाटाला लागली की रेल्वेच्या लेखी प्रवास संपतो. माणसाचा प्रवास त्यानंतर सुरू राहतो, आणि या शहरानं त्या पुढच्या रस्त्याकडे किती लक्ष दिलं ते मला बघायचं होतं.

आधी इमारतीचं थोडक्यात सांगून टाकतो. १६ एप्रिल १८५३ला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी. तेव्हा इथं ही इमारत नव्हती, साधंसं लाकडी स्टेशन होतं. ही रेल्वे मुंबईत यावी म्हणून १८४५पासून खटपट करणाऱ्यांमध्ये नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई होते. आजच्या इमारतीचं काम १८७८मध्ये सुरू झालं. वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. दहा वर्षं काम चाललं आणि १६ लाख १४ हजार रुपये खर्च झाला. मधेच, १८८७मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली म्हणून तिचं नाव दिलं गेलं, व्हिक्टोरिया टर्मिनस, लोकांच्या तोंडी व्हीटी; ते १९९६पर्यंत राहिलं. कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. २००४मध्ये युनेस्कोनं ती जागतिक वारसा म्हणून नोंदवली. रस्त्यापलीकडची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच. दोन्हींच्या मधल्या चौकात संध्याकाळी सहा वाजता उभं राहिलं तर एका माणसाच्या दोन कामांमधून शहर कसं धावतं ते दिसतं.

आता पावलांकडे येतो.

हे टर्मिनस आहे. रूळ इथं संपतात. दादर किंवा ठाण्यासारख्या मधल्या स्टेशनात फलाटावर दोन-तीन जागी पूल असतात आणि उतरणारी गर्दी फुटते. इथं सगळी माणसं एकाच टोकाकडे, घुमटाच्या दिशेला चालतात. लोकलवाल्यांना हे पाठ असतं. कल्याण-डोंबिवलीहून येणारा माणूस चढतानाच मुंबईच्या बाजूचा पुढचा डबा पकडतो, मग तिथं कितीही चेंगराचेंगरी असो. कारण बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरच्या पुढे जाते, आणि मागच्या डब्यातून उतरलं की तेवढं चालणं आलं. रोज चालायचं म्हटल्यावर ते मोजलं जातं. मुंबईकराची चार मिनिटं कुठं वाचतात याचं उत्तर बऱ्याचदा त्यानं कुठला डबा निवडला त्यात असतं.

लांबच्या गाडीनं येणाऱ्याला ही सोय नसते. २४ डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते आणि जनरलचे डबे दोन टोकांना असतात. मागच्या जनरलमध्ये जागा मिळालेला माणूस फलाट संपेपर्यंतच अर्धा किलोमीटर चाललेला असतो, तेही डोक्यावर गाठोडं आणि काखेत पोर घेऊन. २०२४च्या मे अखेरीस इथं ३६ तासांचा मोठा ब्लॉक घेऊन १० आणि ११ नंबरचे फलाट २४ डब्यांच्या गाड्यांसाठी लांबवले. ते गरजेचं होतं, डबे वाढले की जागा वाढतात. पण डबे वाढले की मागच्या माणसाचं चालणंही वाढतं. त्या चालण्यासाठी काही केलं पाहिजे असं मला तीव्रतेनं वाटतं. म्हातारी माणसं मध्येच पिशवी खाली ठेवून थांबलेली मी रोज बघितली.

आत एकूण १८ फलाट आहेत आणि खरं तर ती दोन स्टेशनं आहेत. पश्चिमेला, रस्त्याला लागून, १ ते ७ लोकलचे. त्यांतले पहिले दोन हार्बरचे, उरलेले मेन लाइनचे. पूर्वेला ८ ते १८ लांबच्या गाड्यांचे, त्यांची पाठ पी. डिमेलो रस्त्याकडे. लोकलच्या बाजूला बाहेर पडलं की समोर रस्ता, सबवे, बस, टॅक्सी, महापालिका, आझाद मैदान. लांबच्या गाडीतून उतरलेल्याला तिथपर्यंत आधी आडवं चालत यावं लागतं. म्हणजे ज्याला वाट माहीत आहे त्याला स्टेशनानं रस्त्याच्या कडेला उतरवलं आणि जो पहिल्यांदा आलाय तो सगळ्यात लांब पडला. हे कुणी ठरवून केलं नाही. स्टेशन पूर्वेकडे वाढत गेलं, तसतसं ते झालं.

लोकलच्या मोकळ्या चौकात इंडिकेटर आहेत. ‘इंडिकेटरखाली भेटू’ म्हणून किती लग्नं ठरली आणि किती मोडली असतील त्याची गणती नाही. नवख्याला ते इंडिकेटर वाचता येत नाहीत. कल्याणनंतर लाइन फुटते, एक फांदी कसाऱ्याकडे आणि एक कर्जतकडे. कसाऱ्याच्या गाडीला ‘एन’ आणि कर्जतच्या गाडीला ‘एस’. उत्तरेची आणि दक्षिणेची फांदी अशी ती जुनी खूण. कर्जतला जाणारं पोरगं अक्षरात ‘के’ शोधत बसतं, ‘के’ कल्याणचं असतं, आणि ते कल्याणला उतरून पुन्हा गाडी शोधतं. रोजच्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही. मला वाटतं, कारण आबांना जे कुणी लिहून ठेवलं नव्हतं ते इथं लिहिलेलं आहे, पण आधीपासून माहीत असलेल्यांसाठी.

स्टेशनातून बाहेर पडल्यावर पूर्वी ट्राम मिळायची. मुंबईत ९ मे १८७४ला घोड्यांची ट्राम सुरू झाली. पहिल्या दोन मार्गांपैकी एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा याच बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. स्टेशनाची आजची इमारत उभी राहायला सुरुवात व्हायच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. १९०७मध्ये विजेची ट्राम आली, १५ जुलै १९२६ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली, आणि ३१ मार्च १९६४च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. त्या रात्री रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते असं जुनी माणसं सांगतात. ट्रामबद्दल हळहळणारे आता थोडे उरले, पण एक गोष्ट त्यांच्याकडून ऐकण्यासारखी आहे. ट्रामचे रूळ रस्त्यात दिसायचे. नव्या माणसाला विचारावं लागायचं नाही. रूळ धरून उभं राहिलं की ट्राम यायची.

बसचे रूळ नसतात. बस माहीत असावी लागते. व्हीटीहून दक्षिणेकडे जाणाऱ्यांत ११५ आणि १३८ हे आकडे दोन पिढ्यांच्या तोंडी आहेत. ऑफिसच्या वेळी त्या रांगा बघाव्यात. कुणी शिट्टी मारत नाही, दोरी बांधत नाही, तरी रांग वळणं घेत सरळ राहते. पुढच्या माणसानं पेपर घडी करून बगलेत घातला की मागच्यांना कळतं की बस आली. फेब्रुवारी २०२३मध्ये विजेवरची दुमजली बस आली ती याच ११५च्या मार्गावर, स्टेशन ते एनसीपीए. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला डिझेलची शेवटची जुनी दुमजली बस निवृत्त झाली. मी अकराव्या वर्षी जी पुढची खिडकी बघितली होती त्या खिडकीत मी नव्या बसमध्ये जाऊन बसलो. काच मोठी आहे, वारा मात्र नाही.

या बस चालवणाऱ्या बेस्टबद्दल मला कळकळीनं बोलायचं आहे. २०१९च्या जुलैत बसचं किमान भाडं ५ रुपयांवर आणलं गेलं, वातानुकूलित बसचं ६ रुपयांवर. रांगा पुन्हा वाढल्या. टॅक्सीत वाटा भरणारी कितीतरी माणसं बसकडे वळली. ९ मे २०२५ला ते भाडं १० आणि १२ रुपये झालं. योगायोगानं तारीख तीच, ट्रामची. भाडं दुप्पट होणं समजू शकतं, सहा वर्षांत सगळंच महागलं. पण भाडं वाढत असताना बस कमी होत गेल्या. पंधरा वर्षांपूर्वी चार हजारांच्या पुढे असलेला ताफा तीन हजारांच्या आत आला. बस कमी झाल्याचं स्टेशनाबाहेर कुठं लिहिलेलं नसतं. रांगेत उभं राहिलं की ते पायांना कळतं. सकाळी पावणेदहाला बस भरून आली आणि न थांबता गेली की रांगेतला एक एक माणूस निघून शेअर टॅक्सीकडे जातो, आणि ज्याच्या खिशाला ते झेपत नाही तो चालू लागतो. सकाळी दहाला हुतात्मा चौकाकडे चालत जाणाऱ्यांची जी फौज दिसते ती सगळी व्यायामासाठी चालत नसते.

शेअर टॅक्सी ही मात्र या स्टेशनाची स्वतःची निर्मिती. बाहेर टॅक्सींची रांग आणि माणसांची रांग समोरासमोर. एक नरिमन पॉइंटची, एक चर्चगेटची, एक मंत्रालयाच्या बाजूची. मागं तीन, पुढं एक, चौघं झाले की दार आपटतं. मीटर पडत नाही, भाडं ठरलेलं, घासाघीस नाही. एकमेकांना कधी न बोललेली चार माणसं वर्षानुवर्षं एकाच टॅक्सीनं जातात. पुढच्या सीटवर कोण बसणार याचाही एक न सांगितलेला नियम असतो: वयस्कर किंवा गरोदर बाई असली तर पुढची जागा तिची. कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात नसलेली ही व्यवस्था ड्रायव्हर आणि प्रवाशांनी मिळून उभी केली. पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस रस्त्यावरून गेल्या, रांग राहिली. गावाकडून आलेल्या माणसाला रिक्षाची सवय असते, तो इकडेतिकडे रिक्षा शोधतो. शीव आणि माहीमच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगी नाही हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

नकाशा पुढ्यात घेऊन बसलं की एक गोष्ट खटकत राहते. व्हीटी आणि चर्चगेट ही शहराची दोन टोकाची स्टेशनं. अंतर दीड किलोमीटरच्या आसपास, पायी वीस मिनिटं. पण जमिनीवरच्या रुळांनी ती कधीच जोडली गेली नाहीत. कारण रेल्वे कंपन्या दोन होत्या. इकडची जीआयपी, तिकडची बीबी अँड सीआय. चर्चगेट स्टेशन १८७०चं. बीबी अँड सीआयच्या गाड्या पुढे कुलाब्यापर्यंत जात. बॅकबेची भरणी झाली आणि १९३०च्या अखेरीस कुलाबा स्टेशन बंद झालं, त्याच डिसेंबरात लांबच्या गाड्यांसाठी मुंबई सेंट्रल उघडलं. १९५१मध्ये या कंपन्यांच्या जागी मध्य आणि पश्चिम रेल्वे आल्या. मालक एकच झाला, सरकार, तरी दोन रेषा दोनच राहिल्या. मुलुंडच्या माणसाला चर्चगेटला जायचं तर दादरला उतरून पूल चढायचा, नाहीतर व्हीटीला उतरून चालायचं. आझाद मैदानातली पायवाट या न जोडलेल्या रुळांनी पाडली असं मला वाटतं. तिथं पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ, दोन्ही बाजूंना क्रिकेट. फलंदाजाच्या मागून ऑफिसची माणसं डबा सांभाळत जातात आणि चेंडू आला तर पायानं अडवून परत टाकतात.

पूल आणि सबवे यांच्याबद्दल लिहिताना हात थोडा थांबतो.

लोकलच्या बाजूला, टाइम्सच्या इमारतीजवळ उतरणारा एक पादचारी पूल होता. त्याला हिमालय पूल म्हणत. पलीकडं कामा हॉस्पिटलची गल्ली. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री स्टेशनात गोळीबार करून दोघं हल्लेखोर याच पुलावरून पलीकडे गेले. त्या रात्री स्टेशनात मेलेल्या पन्नासहून अधिक माणसांमध्ये पुष्कळ जण लांबच्या गाडीची वाट बघत सामानावर टेकलेले होते. गावाकडे निघालेली माणसं, फाइलवाल्यांसारखीच. वर उद्घोषणेच्या खोलीत विष्णू झेंडे होते. खाली गोळ्या सुटत असताना त्यांनी माइक सोडला नाही. त्या बाजूला येऊ नका, मागच्या बाजूनं बाहेर पडा, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. लोकलमधून उतरणाऱ्यांना त्या आवाजानं वाट दाखवली. स्टेशनात वाट सांगणं किती मोठं काम असतं हे मला त्या रात्रीइतकं दुसऱ्या कशानं पटलेलं नाही.

तोच पूल १४ मार्च २०१९च्या संध्याकाळी कोसळला. घरी जायची वेळ, पुलावर माणसं. चालायचा भाग खाली रस्त्यावर पडला. माणसं गेली, तीसच्या आसपास जखमी झाली. मेलेल्यांमध्ये कामावर निघालेल्या नर्स होत्या. आधीच्या तपासणीत हा पूल किरकोळ दुरुस्ती सोडली तर वापरायला योग्य ठरला होता. नवा पूल लोकांसाठी खुला झाला तो २०२३च्या मार्चअखेरीस. मधली चार वर्षं तिथली सगळी वर्दळ रस्त्यावर उतरली. चार वर्षं रोज दोनदा, हात वर करून, गाड्या थांबवत. या घुमटाच्या एकेका दगडाची नोंद जगाच्या वारशात आहे आणि त्याच्या दारातला पूल, ज्यावरून माणसं रोज घरी जातात, त्याला परत यायला चार वर्षं लागली. याचा मला राग आहे आणि तो लपवावा असं वाटत नाही.

सबवे जिवंत आहे. पायऱ्या उतरल्या की दोन्ही बाजूंना दुकानं: मोबाइलची कव्हरं, चार्जर, घड्याळाचे पट्टे, चष्मे. खालून एकाच वेळी स्टेशनाकडे जाणारा आणि स्टेशनातून येणारा असे दोन लोंढे वाहतात आणि सवयीनं एकमेकांना धक्का लागू देत नाहीत. पण सबवेला तोंडं पुष्कळ. चुकीच्या तोंडातून वर आलं की माणूस महापालिकेच्या बाजूला निघतो आणि त्याला हवी असलेली बस रस्त्याच्या पलीकडं असते. मग परत पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्या बाया सबवेत उतरत नाहीत. त्या कठड्याच्या फटीतून, बसच्या पुढून, पदर दातात धरून रस्ता ओलांडतात. वाहतूक पोलिस त्यांना ओरडतात. मी त्या बायांच्या बाजूचा आहे.

आणि आता मेट्रो. आरे ते कफ परेड ही जमिनीखालची तीन नंबरची मार्गिका, ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं. २०२४च्या ऑक्टोबरात बीकेसीपर्यंत, २०२५च्या मेमध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ९ ऑक्टोबर २०२५पासून थेट कफ परेडपर्यंत. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन अशी ओळीनं स्टेशनं. चर्चगेट उघडल्याला १५५ वर्षं झाल्यावर ती दोन टोकं रुळांनी जोडली गेली, जमिनीखालून आणि मधे एक स्टेशन ठेवून. मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्टेशनाला नाना शंकरशेटांचं नाव आहे. पहिल्या आगगाडीसाठी झटलेल्या माणसाचं नाव भुयारी गाडीच्या उद्घोषणेत ऐकताना मला बरं वाटलं.

पहिल्याच आठवड्यात मी आईला घेऊन गेलो. ती पंच्याहत्तरीची आहे, आबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. सबवेतून मेट्रोकडे वळलो तेव्हा तिनं माझा दंड धरला. जिना सरकता आहे हे कळल्यावर थोडी घाबरली, मग एका मुलीनं ‘आजी, माझ्या हाताला धरा’ म्हटलं आणि ती उतरली. विधान भवनला वर आलो तर मंत्रालय समोर. सगळ्याला मिळून काही मिनिटं. आई थोडा वेळ तिथं उभी राहिली. ‘त्यांची टाच सोलवटली होती नं रे?’ एवढंच म्हणाली. मी त्या प्रवासात होतो, ती नव्हती. आबांनी घरी आल्यावर तिला सांगितलं असणार.

म्हणून मेट्रोवर मी मनापासून खूश आहे, आणि म्हणूनच काही गोष्टी बोलायला हव्यात. मेट्रोचं भाडं १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत आहे, ते रोज दोनदा देणं सगळ्यांना परवडत नाही. शेवटची मेट्रो रात्री साडेदहाला सुटते आणि लोकल मध्यरात्र उलटली तरी चालू असतात. रात्रपाळीची नर्स, हॉटेलातली पोरं, कार्यालयं झाडणाऱ्या बाया यांची वेळ मेट्रोच्या वेळेत बसत नाही, त्यांना बसच लागते. भुयार आलं म्हणून वरची बस कमी झाली तर ज्यांचे पाय सगळ्यात जास्त थकलेले आहेत त्यांच्याच वाट्याला चालणं येईल. त्याच ऑक्टोबरात ‘मुंबई वन’ नावाचं ॲप आलं. लोकल, मेट्रो, बस मिळून अकरा वाहतूक सेवांचं तिकीट एका जागी. चांगलं आहे. फाइलवाल्या माणसाकडे बऱ्याचदा साधा फोन असतो. त्याच्यासाठी फलाटावर, गाडीतून उतरल्या उतरल्या दिसेल असा, मोठ्या मराठी अक्षरांत बाण लागतो: मंत्रालय इकडे, जे. जे. हॉस्पिटल इकडे, बस इकडे.

हे स्टेशन नुसतं येण्याजाण्याचं नाही, थांबण्याचंही आहे. सर्वसामान्यांना मंत्रालयात प्रवेश दुपारी, ही वर्षानुवर्षांची रीत, आणि रात्रीच्या गाड्या पहाटे येतात. मधले सहा-सात तास माणूस कुठं काढणार? स्टेशनात. तिथंच तोंड धुणं, तिथंच घरून आणलेली भाकरी, तिथंच फाइलीतले कागद पुन्हा एकदा क्रमानं लावणं. आणि आझाद मैदान समोर असल्यानं राज्याचं सगळं दुःख अधूनमधून या दारात येऊन थांबतं. मार्च २०१८मध्ये नाशिकहून शेतकरी चालत आले. दहावीच्या पोरांच्या परीक्षेला अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा ते रात्रीतून चालले. अनेकांच्या तळव्यांची सालं निघाली होती. मागण्यांवर आश्वासन मिळाल्यावर त्यांच्यासाठी इथून भुसावळकडे खास गाड्या सोडल्या. १८० किलोमीटर चालत आलेली माणसं त्या रात्री गाडीत बसून परत गेली. २०२५च्या ऑगस्टअखेरीस मराठा आंदोलक आले तेव्हा पाऊस होता. मैदानात चिखल, म्हणून माणसं फलाटावर, इंडिकेटरखाली झोपली. गावोगावाहून भाकरी-ठेचा येत होता. रोजचे लोकलवाले झोपलेल्यांच्या मधून पाय जपून टाकत जात होते. कुणी कुणावर पाय दिलेला मी पाहिला नाही.

आता स्टेशनाचा पुनर्विकास सुरू आहे. २०२२च्या सप्टेंबरात केंद्रानं मंजुरी दिली, अडीच हजार कोटींच्या घरातलं काम. जुनी इमारत जपायची, येणाऱ्या आणि जाणाऱ्या प्रवाशांच्या वाटा वेगळ्या करायच्या, वाहतुकीची साधनं एकमेकांना जोडायची असं आराखड्यात आहे. काम करणारे अभियंते, मजूर रात्रंदिवस राबताहेत. मला त्या आराखड्यात एकच गोष्ट बघायची आहे: मागच्या जनरल डब्यातून उतरलेल्या माणसाची पावलं त्यात मोजलीत का.

मी मोजली. परवा रात्री सिद्धेश्वर सुटायच्या वेळेला स्टेशनात होतो. सबवेतून वर येताना एका काकांनी विचारलं, सोलापूरची गाडी कुठं लागते. फाइल बगलेत होती. काम झालं का, हे मी विचारलं नाही. त्यांना घेऊन निघालो आणि मनात आकडे म्हणू लागलो. लोकलचे फलाट ओलांडून आडवं, मग गाडीच्या कडेनं पुढं, वातानुकूलित डबे, स्लीपरचे डबे. साडेतीनशेच्या सुमाराला ते थांबले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पिशवी मी घेतली तर चालेल का विचारलं, त्यांनी दिली. जनरलच्या दाराशी पोहोचलो तेव्हा माझी ९४० पावलं झाली होती. आत वरच्या फळीवर जागा मिळाली. मी खिडकीतून पिशवी आत दिली. काकांनी ती पायाशी ठेवली, चपला पिशवीखाली सरकवल्या आणि फाइल उशाला घेऊन आडवे झाले.